व्यसन एकट्यानें सुटत नाहीं



आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत दारू, तंबाखू, अफू, गांजा इत्यादि पदार्थांचे दुष्परिणाम तुम्हीं वाचलेच असतील. दारूनें यकृत बिघडतें, तंबाखूनें तोंडाचा व फुप्फुसांचा कर्करोग होतो, ह्या गोष्टी परीक्षेंत विचारल्या तर तुमच्यापैकीं बहुतेक सर्वजण बिनचूक उत्तर लिहितील. परंतु एका प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. तो प्रश्न असा: ज्याला व्यसन जडूनच गेलें आहे त्यानें त्यांतून बाहेर कसें पडावें, आणि त्याच्या घरच्या माणसांनीं काय करावें? व्यसन लागूं नये म्हणून उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. तें लागल्यावर मात्र तो मनुष्य आणि त्याचें कुटुंब हीं दोन्ही एकटीं पडतात. प्रस्तुत लेखांत आम्ही ह्या दुसऱ्या बाजूचाच विचार करणार आहों. हा अंक तुमच्या घरींही वाचला जातो. तेव्हां पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची विनंति आहे.

शब्दाचा अर्थ

संस्कृतांत 'व्यसन' ह्या शब्दाचा एक अर्थ 'संकट' किंवा 'आपत्ति' असा आहे. हा अर्थ आपण विसरून गेलों आहों. एखाद्याचें घर पुरांत सांपडलें तर सारा गांव दोर व होड्या घेऊन धांवतो. पण एखादें घर व्यसनांत सांपडलें तर तोच गांव काठावर उभा राहून नांवें ठेवतो. 'त्याला लाज नाहीं', 'त्यांच्या घराण्यांतच तें आहे', 'मनांत आणलें तर उद्यां सोडील', अशीं वाक्यें तुम्हीं ऐकलीं असतील. ह्यांतील शेवटचें वाक्य सर्वांत अधिक घातक आहे, कारण तें ऐकावयास खरें वाटतें.

आवडीची वस्तु मिळाली नाहीं तर मनुष्य थोडा हळहळतो. सवय मोडली तर त्याला चुकल्यासारखें वाटतें. व्यसनाची वस्तु मिळाली नाहीं तर मात्र शरीर व मन हीं दोन्ही बंड करून उठतात. मेंदूमध्यें सुखाची जाणीव उत्पन्न करणारी एक व्यवस्था आहे. भुकेल्याला अन्न मिळालें, खेळांत जय मिळाला, कीं ती जागी होते, व तिच्यांत डोपामिन नांवाचें द्रव्य काम करतें. मादक पदार्थ हीच व्यवस्था वेठीस धरतात. प्रथम थोड्या मात्रेनें जें सुख लाभतें तें पुढें दुप्पट मात्रेनेंही लाभत नाहीं. मग तो पदार्थ सुखासाठीं घेतला जात नाहीं. न घेतल्यानें होणारा त्रास टाळण्यासाठीं घेतला जातो. येथपर्यंत मजल गेल्यावर त्यास नुसती वाईट खोड म्हणणें बरोबर नाहीं. तो आजार होय. अमेरिकेंतील वैद्यकसंघानें १९५६ सालीं मद्यासक्तीस आजार म्हणून मान्यता दिली, आणि भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत दारू व मादक पदार्थ ह्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित अशा मानसिक स्थितींचा स्पष्ट उल्लेख आहे.

आजार म्हटला म्हणजे रोग्याची जबाबदारी संपली असें मात्र कोणीं समजूं नये. मधुमेह झाला हा रोग्याचा अपराध नव्हे. पण पथ्य पाळणें व औषध घेणें हें त्याचेंच काम आहे. व्यसनाचेंही तसेंच आहे. फरक इतकाच, कीं मधुमेहाचा रोगी निःशंक मनानें दवाखान्याची पायरी चढतो, आणि व्यसनाचा रोगी ती पायरी कोणी पाहात तर नाहींना, म्हणून दारांतूनच परत फिरतो.

निश्चय एकटा कां पुरत नाहीं

आमच्या लोकांत शपथांचा सुकाळ आहे. कोणी पाडव्याला शपथ घेतो, कोणी श्रावण लागतांना, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. ह्या शपथा खोट्या असतात असें नाहीं. घेणारा त्या क्षणीं मनापासूनच घेतो. पण ती शपथ त्याच्या एकट्याची असते. चार दिवसांनीं ती मोडली म्हणजे तो लाजतो. लाजला म्हणजे माणसांपासून तोंड चुकवितो. आणि तोंड चुकवून एकटा बसला म्हणजे पुन्हां बाटली जवळ करतो. ह्याप्रमाणें हें रहाटगाडगें वर्षानुवर्षें फिरत राहतें, व प्रत्येक फेऱ्यांत त्याचा स्वतःवरील विश्वास थोडाथोडा कमी होत जातो.

ह्याच्या उलट, पंढरीची माळ घालून दारू सोडलेलीं माणसें आपल्या खेड्यापाड्यांतून आजही दिसतात. माळेच्या मण्यांत कांहीं औषध नसतें. परंतु माळ घातलेला मनुष्य एकटा राहात नाहीं. एकादशीला त्याची वाट पाहणारे असतात, दिंडींत त्याच्या शेजारीं चालणारे असतात, आणि तो चार दिवस दिसला नाहीं तर घरीं येऊन चौकशी करणारेही असतात. निश्चय तोच, पण एकट्याचा निश्चय वाऱ्यावरील दिव्यासारखा असतो, आणि चौघांनीं हात धरून राखलेला दिवा टिकतो.

येथें एक सूचना देणें अवश्य आहे. अनेक वर्षें रोज पुष्कळ दारू पिणाऱ्या माणसानें ती डॉक्टरांच्या देखरेखीवांचून एकाएकीं बंद केली तर जिवास अपाय होऊं शकतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात कांपणें, घाम सुटणें, मळमळणें, झोंप न लागणें असे त्रास सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत कांहीं जणांना आंकडी येते. आणि दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत कांहीं रोग्यांना भ्रम होऊन नसलेल्या वस्तु दिसूं लागतात. ही शेवटची अवस्था प्राणघातक ठरूं शकते. रुग्णालयांत योग्य औषधें व ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडतां येतो. म्हणून 'खोलींत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' हा सल्ला कोणींही मानूं नये. तसेंच रोग्याच्या नकळत दारू सोडविण्याच्या जाहिरातींनाही भुलूं नये. डायसल्फिरम हें औषध पोटांत असतां मनुष्य दारू प्याला तर त्याच्या प्रकृतीस मोठा धोका पोंचतो. तें त्याला न सांगतां अन्नांत कालविणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय.

ॲक्रन शहरची गोष्ट

एका रोग्याला दुसऱ्या रोग्याची मदत कशी होते, हें जगाला ज्या एका भेटीनें शिकविलें तिची हकीकत आतां सांगतों.

अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत ॲक्रन नांवाचें शहर आहे. मोटारींच्या रबरी धावांच्या कारखान्यांसाठीं तें प्रसिद्ध होतें. १९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत काम करणारा विल्यम विल्सन नांवाचा गृहस्थ एका व्यवहारासाठीं तेथें गेला होता. दारूपायीं त्यानें आपला उत्तम चाललेला धंदा व लौकिक गमावला होता. आदल्या वर्षीं त्याचा एक जुना शाळासोबती, जो स्वतः असाच दारूंत बुडालेला होता, त्याच्याकडे आला व आपण सध्यां दारूपासून कसे दूर आहों हें त्यानें सांगितलें. त्यानंतर रुग्णालयांत उपचार घेऊन विल्सन १९३४ च्या डिसेंबरपासून दारूपासून दूर होता. ह्या पांच महिन्यांत त्यानें कित्येक मद्यप्यांस उपदेश केला. त्यांतील एकही सुधारला नाहीं. मात्र उपदेश करणारा स्वतः कोरडा राहिला, ही गोष्ट त्याच्या पत्नीनें त्याच्या लक्षांत आणून दिली.

ॲक्रनमध्यें त्याचा व्यवहार फसला. परक्या शहरांत, हॉटेलाच्या दिवाणखान्यांत तो एकटाच येरझाऱ्या घालीत होता. एका टोकास मद्यगृह होतें. तेथून हंसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकास टेलिफोन होता व त्याच्याजवळ शहरांतील चर्चांची यादी लावलेली होती. आपण आतां त्या आवाजाकडे जाणार, अशी त्याला भीति वाटली; आणि त्या भीतींत त्याला उमगलें, कीं ह्या क्षणीं आपणांस दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशीं बोललें पाहिजे. त्याच्या भल्यासाठीं नव्हे, आपल्या स्वतःच्या जिवासाठीं! त्यानें यादींतील एका धर्मोपदेशकास टेलिफोन केला. त्यांनीं कांहीं नांवें दिलीं. एकामागून एक टेलिफोन करतां करतां शेवटीं हेन्रिएटा साइबरलिंग नांवाच्या बाईंशीं त्याची गांठ पडली. ह्या बाई डॉ. रॉबर्ट स्मिथ नांवाच्या एका शस्त्रवैद्याला ओळखत होत्या. डॉक्टरमहाशय निष्णात होते, परंतु दारूनें त्यांचें सर्वस्व बुडत आलें होतें.

दुसऱ्या दिवशीं, म्हणजे १२ मे १९३५ रोजीं सायंकाळीं, बाईंच्या घरीं त्या दोघांची भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या वर बसावयास तयार नव्हते. प्रत्यक्षांत ते रात्रीं अकरा वाजून गेल्यावर उठले. विल्सननें त्या दिवशीं उपदेशाचा एकही शब्द काढला नाहीं. यकृताचें काय होतें हें डॉक्टरांना सांगण्याची गरजच नव्हती. त्यानें केवळ आपली स्वतःची कहाणी सांगितली, आणि मला तुमची गरज आहे म्हणून मी आलों, असें प्रांजळपणें कबूल केलें. डॉक्टरांस उपदेश करणारे आजवर अनेक भेटले होते. पण स्वानुभवानें बोलणारा हा पहिलाच. 'ज्याचें जळतें त्यालाच कळतें' ही म्हण आपण नेहमीं ऐकतों. त्या रात्रीं तिचा दुसरा अर्धा भाग सिद्ध झाला: ज्याला कळतें त्याच्यापाशींच मनुष्य बोलतो.

ही गोष्ट येथें संपली असती तर ती कथेसारखी वाटली असती. पण जूनच्या आरंभीं डॉक्टर एका वैद्यकपरिषदेस गेले व तेथें पुन्हां प्याले. परत आले ते अत्यंत दीन अवस्थेंत. विल्सननें व डॉक्टरांच्या पत्नीनें त्यांस हांकलून दिलें नाहीं, कीं शब्दानेंही टोंचलें नाहीं. शुश्रूषा करून पुन्हां उभें केलें. १० जून १९३५ हा त्यांच्या दारूचा शेवटचा दिवस ठरला. १९५० च्या नोव्हेंबरांत ते वारले. मधल्या पंधरा वर्षांत त्यांनीं दारूस स्पर्श केला नाहीं. इतकेंच नव्हे, तर ॲक्रनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया नांवाच्या जोगिणीच्या साहाय्यानें त्यांनीं सुमारें ५,००० मद्यासक्त रोग्यांवर उपचार केले, आणि त्याबद्दल मोबदला घेतला नाहीं. ज्या दोन माणसांना स्वतःला सांवरणें अशक्य झालें होतें, तीं एकमेकांना सांवरतां सांवरतां इतरांचा आधार झालीं.

१० जून हाच दिवस 'अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे 'अनामिक मद्यपी', ह्या संघाचा स्थापनादिन मानला जातो. संघाचे नियम साधे आहेत. वर्गणी नाहीं; आडनांव सांगावें लागत नाहीं; दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. जन्मभराची शपथ कोणी घेत नाहीं; आजचा एक दिवस प्यावयाचें नाहीं, एवढाच निश्चय करावयाचा, आणि उद्यांचा विचार उद्यां. ह्या संघानें १९३९ सालीं जीं बारा पावलें छापून प्रसिद्ध केलीं, त्यांतील पहिल्या पावलाचा पहिलाच शब्द 'आम्ही' हा आहे. व्याकरणांत आपण त्यास प्रथमपुरुषी अनेकवचन म्हणतों. व्यसनी माणसाच्या बाबतींत मात्र 'मी' पासून 'आम्ही' पर्यंतचें हें अंतर म्हणजेच सारा प्रवास आहे.

मुंबई आणि पुणें

ह्या संघाचें काम भारतांत १९५७ सालीं मुंबईस सुरू झालें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या वेळीं मुंबई राज्यांत दारूबंदीचा कायदा अमलांत होता. कायद्यानें दुकान बंद होतें. तहान बंद होत नाहीं. कायदा नको असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु कायद्याच्या जोडीला माणसाचा आधार लागतो, एवढें ह्यावरून दिसून येतें.

पुढें १९८० नंतरच्या वर्षांत 'गर्द' नांवाच्या मादक पदार्थानें मुंबईपुण्याच्या कित्येक तरुणांस ग्रासलें. डॉ. अनिल अवचट ह्यांनीं त्या तरुणांत व त्यांच्या घरांत हिंडून त्याविषयीं लिहिलें. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. श्री. पु. ल. देशपांडे व सौ. सुनीताबाई ह्यांच्या साहाय्यानें ह्या दांपत्यानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवडा येथें 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें. तेथें रोगी कांहीं आठवडे राहतात. आरंभीं शरीरावर उपचार होतात. पुढें दिनक्रम, व्यायाम, श्रम, गटांतील बोलणें, आणि कुटुंबीयांच्या भेटीगांठी. ह्या केंद्राचें एक वैशिष्ट्य असें, कीं जे पूर्वीं तेथें रोगी म्हणून आले त्यांपैकीं कित्येक पुढें तेथेंच कार्यकर्ते झाले. नव्यानें आलेला, भेदरलेला मनुष्य जेव्हां पाहतो, कीं आपणांस चहा देणारा हा मनुष्यही एके काळीं आपल्यासारखाच येथें आला होता, तेव्हां त्याला जी आशा वाटते ती कोणत्याही व्याख्यानानें वाटणार नाहीं.

आमच्या देशांत उपचार आहेत, आणि तरीही ते रोग्यापर्यंत पोंचत नाहींत. भारत सरकारच्या वतीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें, कीं दारूवर पूर्णपणें अवलंबून असलेल्या सुमारें ३८ माणसांपैकीं एकालाच कांहीं उपचार मिळाले होते. उरलेले ३७ कोठें आहेत? ते आपापल्या घरांत, दार लावून बसलेले आहेत.

घरच्या माणसांसाठीं

'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडते. व्यसनाच्या बाबतींत ती घर बुडविते. नवरा कामावर गेला नाहीं तर बायको 'ताप आहे' असा निरोप धाडते. मुलानें उधारी केली तर आई दागिना मोडून ती फेडते. थोरला भाऊ पोलिसांकडून सोडवून आणतो व कोणास कळूं देत नाहीं. हें सारें प्रेमानेंच होतें. पण प्रत्येक वेळीं परिणाम झांकला गेल्यामुळें, आपणांस मदतीची गरज आहे हें त्या रोग्यास कधींच पटत नाहीं.

तर मग घरच्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, तो नशेंत असतां वाद घालूं नये. शुद्धीवर असतां, शांतपणें व थोडक्यांत, काय घडलें तें सांगावें. दुसरी, धमकी अशी देऊं नये जी पुढें पाळतां येणार नाहीं. तिसरी, आपण स्वतः प्रथम मदत घ्यावी. रोगी यावयास तयार नसला तरी घरच्या माणसानें समुपदेशकाकडे जाण्यास कांहींच हरकत नाहीं. विल्यम विल्सनची पत्नी लोइस हिनें १९५१ सालीं आपल्या एका सहकारिणीबरोबर मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठीं 'अल-ॲनॉन' हा निराळा संघ काढला, तो ह्याच अनुभवावरून. व्यसन एकाला असलें तरी आजारी सारें घर असतें.

मदत घेण्याच्या आड येणाऱ्या दोन भीति येथें दूर कराव्याशा वाटतात. पहिली लोकलज्जेची. २०१७ च्या कायद्यान्वयें रोग्याच्या उपचारांविषयींची माहिती गुप्त राखली जाण्याचा त्यास हक्क आहे. दुसरी शिक्षेची. अंमली पदार्थांविषयींच्या १९८५ च्या कायद्यांत ६४ अ हें कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणांतील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेनें मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला त्या कलमान्वयें खटल्यापासून सूट मिळूं शकते. म्हणजे खुद्द कायद्यानेंही मदत मागणारासाठीं एक दार उघडें ठेवलें आहे.

आणि उपचारानंतर पाय घसरला तर? तर डॉ. स्मिथ ह्यांची गोष्ट आठवावी. पुन्हां पिणें हें दुःखदायक खरें. परंतु तो उपचारांचा शेवट नव्हे. पडलेल्या मनुष्यास 'आम्हांला ठाऊकच होतें' असें म्हणण्यापेक्षां 'चल, पुन्हां डॉक्टरांकडे जाऊं' असें म्हणावें.

तुमच्यासाठीं

आतां विद्यार्थ्यांसाठीं दोन शब्द. तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं हें संकट असेल, तर तीन गोष्टी मनावर कोरून ठेवा. वडिलांची दारू तुमच्यामुळें लागलेली नाहीं. परीक्षेंत पहिला क्रमांक आणला तरी ती तुमच्यामुळें सुटणार नाहीं. आणि ती गुप्त ठेवण्याचें ओझें तुम्हीं एकट्यानें वाहण्याचें कारण नाहीं. १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका मद्यप्याच्या मुलानें आपल्यासारख्या मुलांना एकत्र जमवून 'अल-अटीन' नांवाची सभा सुरू केली. तो तुमच्याच वयाचा होता. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा शिक्षकांस, मामाला, आत्याला किंवा आजीला सांगा. चुगली वेगळी आणि मदत मागणें वेगळें. घरांत मारहाण होत असेल तर मुलांसाठीं १०९८ हा टेलिफोन-क्रमांक आहे. व्यसनमुक्तीसंबंधीं सल्ल्यासाठीं सरकारचा १४४४६ हा क्रमांक, व मनाच्या त्रासासाठीं १४४१६ हा क्रमांक आहे. त्यांस पैसे पडत नाहींत.

तुमच्यापैकीं एखाद्यानें मित्रांच्या आग्रहानें तंबाखू किंवा सिगारेट सुरू केली असेल व ती सुटत नसेल, तर त्यानेंही हाच मार्ग धरावा. आठ दिवस स्वतःशीं झगडून हरल्यावर 'मी दुबळा आहें' असा निष्कर्ष काढूं नये. ज्याला पोहतां येत नाहीं तो बुडतांना हांक मारतो, त्यास कोणी दुबळा म्हणत नाहीं; हांक न मारतां बुडणाराची मात्र सर्वांस हळहळ वाटते. आणि ज्याचा मित्र अशा संकटांत असेल त्यानें त्याची थट्टा करूं नये, त्याच्यासाठीं दुकानांतून कांहीं आणूनही देऊं नये. त्याच्या शेजारीं बसावें, त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, आणि त्याच्याबरोबर शिक्षकांच्या खोलीपर्यंत चालत जावें. तेवढ्या चार पावलांत सोबत मिळाली नाहीं म्हणून कित्येक माणसें आयुष्यभर दाराबाहेरच उभीं राहिलीं आहेत.